उधाणातले चार रविवार

बेलीफ शेडमध्ये आला तेव्हा माझे दोन्ही हात बर्फात होते.

बेलीफ म्हणजे कोर्टाचा माणूस, नोटीस हातात आणून देतो. आधी घरी गेला होता. आईनं घाबरून सांगितलंन की मुलगी कामावर आहे, म्हणून तो विचारत विचारत जेटीमागच्या शेडवर आला. आम्ही वीसएक बायका टेबलाला उभ्या राहून कोलंबी सोलत होतो. डोकं मोडायचं, साल काढायची, पाठीतला काळा दोरा ओढायचा आणि कोलंबी बर्फाच्या पाण्यात टाकायची. दिवसभर हेच काम. तो नाकाला रुमाल लावून दारात उभा राहिला आणि माझं नाव मोठ्यानं वाचलंन. नवऱ्याच्या नावासकट.

"सही करा."

"हात ओले आहेत."

"मग पुसा."

"परत ओलेच व्हायचेत," मी म्हणाले. बाजूला शेवंतीमावशी होती. तिनं मान वर न करता विचारलंन, "लग्नपत्रिका काय गो?"

"होय. करवली तू."

मी सही केली. कागदाला कोलंबीचं पाणी लागलं तसा बेलीफ कागद झटकत गेला.

मी सातवी पास. आठवीत बसले आणि सोडलं. वाचता येतं, पण कोर्टाचं मराठी वेगळंच असतं, एक वाक्य सुरू झालं की पान उलटलं तरी संपत नाही. तीनदा वाचलं तेव्हा कळलं. दिनेशनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, अर्ज केला होता. मी कोर्टाचा हुकूम मोडते, मयुरीला ठरल्या रविवारी आणत नाही, तिला बापापासून तोडते. म्हणून मयुरीचा ताबा माझ्याकडून काढून त्याला द्यावा.

मयुरी आमची मुलगी. तेव्हा साडेचार वर्षांची होती. दोन हजार सालचा एप्रिल होता.

आमचं दोघांचं का बिनसलं ते इथं सांगत नाही. ते कोर्टात सांगून झालंय, पुष्कळ लोकांनी ऐकलंय. एवढंच सांगते की कोर्टात जाण्याआधी एकदा तो मयुरीला जत्रेला म्हणून घेऊन गेला आणि आठ दिवस परत आणलं नव्हतंन. ते आठ दिवस मी जेवले की नाही मला आठवत नाही. त्यामुळे ताबा हा शब्द वाचला की मी आधी मयुरी कुठं आहे ते बघते. अजूनही.

हुकूम असा होता. मुलगी आईकडे राहील. महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी आईनं तिला सावर्ड्याच्या एसटी स्टँडवर अकरा वाजता आणायचं, बापानं न्यायचं, चार वाजता तिथंच परत द्यायचं. तो हर्णेकडचा, मी रत्नागिरीत माहेरी, म्हणून कोणीतरी नकाशा बघून मधलं गाव काढलेलं. कागदावर मधलं. मला पहाटे उठून पोरीला तयार करून एसटीत बसायचं, तिला गाडी लागायची, मांडीवर पिशवी घेऊन बसायचं.

आणि मी जात होते. जानेवारीत दोन्ही रविवारी गेले. तो आला. तोंड फिरवून उभा राहिला, पण आला. फेब्रुवारीत दोन्ही रविवारी गेले, तो आला नाही. मार्चमध्ये दोन्ही रविवारी गेले, आला नाही. स्टँडच्या बाकड्यावर अकरापासून चारपर्यंत बसायचं. मयुरी विचारायची, बाबांची गाडी कुठली? मी म्हणायची, ही नाही, पुढची. चार वाजता परतीची एसटी.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी मी गेले नाही. खरं ते सांगते. राग आला होता. म्हटलं, मेला येत नाहीच तर पोरीला ओकाऱ्या काढत कशाला नेऊ. ते चुकलंच माझं.

आता त्यानं लिहिलंन की फेब्रुवारीपासून पाचही रविवार तो स्टँडवर उभा होता आणि मीच नव्हते.

जेवणाच्या सुट्टीत मी सुपरवायझरकडे गेले. जॉनीसाहेब केरळचे. पंधरा वर्षं रत्नागिरीत राहून त्यांचं मराठी आणि हिंदी एकात एक झालं होतं. मी म्हटलं, कोर्टाची तारीख आहे, सुट्टी पाहिजे.

"फिर सुट्टी? सुजाता, तू महिने में दोन रविवार घेते. उधाण में घेते. सब बायका मेरे को बोलते, उसको देते, हमको नाय."

"कोर्टाचा हुकूम होता साहेब, मी काय करू?"

"कोर्ट को बोलो, माल रुकता नहीं."

मग ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळले. हे कॅलेंडर तिथींचं, आपल्या घरी असतं तसलंच. त्यावर जॉनीसाहेब लाल पेननं गोल करायचे. हे समजायला थोडं आमच्या धंद्यातलं सांगायला लागेल.

आमच्या शेडला कोलंबी यायची वरच्या किनाऱ्यावरून, टेम्पोनं. ती डोलीची कोलंबी. डोल म्हणजे मोठ्या पिशवीसारखं जाळं. ते समुद्रात खुंटांना बांधून ठेवतात. जाळं मासळीच्या पाठी धावत नाही, पाण्याची ओढ जाळ्यात माल आणून टाकते. अमावास्या आणि पुनवेच्या पुढेमागे पाण्याला मोठी ओढ असते, ते उधाण. तेव्हा डोली भरतात, बोटी समुद्रातच असतात, आणि आमच्या टेबलांवर कोलंबीचे डोंगर. अष्टमी उलटली की ओढ मरते. त्याला भांग म्हणतात. भांगात डोल नुसती लोंबकळते, म्हणून बोटी किनाऱ्याला, माणसं घरी, आणि शेडमध्ये आम्ही निम्म्या बायका. जॉनीसाहेब उधाणाच्या दिवसांना लाल गोल करायचे. लाल गोल असला की कोणाला सुट्टी नाही.

त्यांनी तारीख बघितली. गोल नव्हता.

"ये ठीक. भांग. जा."

मी तिथंच उभी राहिले. माझ्या डोक्यात ते चार रविवार आले. मी पुढे झाले आणि कॅलेंडरची पानं मागं उलटली. फेब्रुवारीचा पहिला रविवार, लाल गोल. तिसरा, लाल गोल. मार्चचा पहिला, लाल. तिसरा, लाल. जानेवारी काढला. दोन्ही रविवार मोकळे.

दिनेश डोलीवर खलाशी आहे. त्याच्या मामाची बोट.

"साहेब, हे कॅलेंडर मला पाहिजे."

"क्या?"

"कोर्टात न्यायचंय."

"नाय नाय. ये मेरा कॅलेंडर है. मैं काम कैसे लगाऊँ?"

"एका दिवसाचा प्रश्न आहे. भांगच आहे, तुम्हीच म्हणालात."

त्यांनी नाही म्हटलं. मी तीन दिवस रोज मागितलं. चौथ्या दिवशी खिळ्यावरून काढलं आणि पिशवीत घातलं, त्यांच्यासमोर. नोकरी गेली तर गेली. ते बघत राहिले. मग म्हणाले, "गीला नहीं करना."

तारखेच्या दिवशी वकीलबाईंना दाखवलं. त्या कोर्टानं मला फुकट दिलेल्या, चांगल्या होत्या, पण त्यांच्याकडे त्या दिवशी माझ्यासारखी सहा प्रकरणं होती. त्यांनी कॅलेंडर बघितलं, उलटून मागं बघितलं.

"हे काय आहे?"

मी सांगितलं. भरभर सांगितलं, मला हळू सांगता येत नाही.

"सुजाता, हा पुरावा होत नाही. पेननं कोणीही गोल करील. आणि तो त्या दिवशी बोटीवर होता हे कुठं आहे यात?"

"उधाण होतं ना."

"म्हणून काय झालं?"

बाई गावातल्या, पण समुद्राशी त्यांचा संबंध मासळीबाजारापुरता. मी कॅलेंडर परत हातात घेतलं. त्या म्हणाल्या, "आत मी बोलते. तू काही बोलू नकोस. जजसाहेबांना मध्ये बोललेलं आवडत नाही."

बाहेर व्हरांड्यात दिनेश उभा होता. इस्त्रीचा शर्ट. बाजूला त्याचा मामा, पांढरी टोपी, हातात काठी. मामा बोटीचा मालक आणि तांडेल, म्हणजे बोटीवर त्याचा शब्द शेवटचा. माझ्याकडे बघून म्हणाला, "काय गो, पोरीला कुठं ठेवलंस?"

"आईकडं."

"बरी आहे ना?"

"बरी आहे मामा."

दिनेशनं त्याला कोपरानं ढोसलंन.

पुकारा झाला. आम्ही आत गेलो. साहेब देशावरचे, नवीन बदलून आलेले. दिनेशचे वकील पहिले बोलले. आई अडाणी आहे, सूडबुद्धीनं वागते, मुलगी बापाचा चेहरा विसरत चालली, पाच रविवार बाप उपाशीपोटी स्टँडवर बसला. उपाशीपोटी ऐकल्यावर मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. मग आमच्या बाई बोलल्या की हे सगळं नाकबूल आहे, आमची अशील दर वेळी गेली होती.

साहेबांनी विचारलं, "साक्षीदार?"

दोन्हीकडं कोणी नव्हतं.

"म्हणजे दोघंही म्हणताय मी होतो, समोरचा नव्हता. दोघांतलं एक कोर्टाशी खोटं बोलतंय." ते वैतागले होते. कागद उलटत म्हणाले, "तुमच्या भांडणात त्या मुलीचे हाल चाललेत. आईचं सहकार्य नसेल तर सुट्टीचा महिना मुलगी वडिलांकडे द्यावी आणि पुढचं नंतर बघावं, असं मला..."

अख्खा मे महिना. मला ते आठ दिवस आठवले. मी उठले.

"साहेब, त्या दिवशी उधाण होतं."

"तुमचे वकील बोलतील. बसा."

मी बसले नाही. बाईंनी पदर ओढला तरी बसले नाही. "साहेब, बाईंना उधाण माहीत नाही. मला माहीत आहे, मी कोलंबी सोलते. फेब्रुवारीतले दोन्ही आणि मार्चमधले दोन्ही रविवार उधाणाचे आहेत, हे बघा, हे तिथीचं छापलेलं आहे, लाल गोल बघू नका हवं तर, तिथी बघा. उधाणात डोल लावलेली असते. हा डोलीवर आहे. डोल लावून हा सावर्ड्याला कसा येईल?"

त्याचे वकील म्हणाले, "साहेब, हे काय चाललंय?"

साहेबांनी हात पुढे केला. पट्टेवाल्यानं माझ्याकडून कॅलेंडर घेतलं आणि वर दिलं. साहेबांनी चष्मा वर करून पानं उलटली. वास आला असणार, पण काही म्हणाले नाहीत.

"डोल म्हणजे काय?"

मी सांगितलं. जसं इथं सांगितलं तसंच, फक्त याहून भरभर. साहेबांनी दोनदा हातानं हळू म्हणून सांगितलं.

मग ते दिनेशकडे वळले. "तुम्ही त्या रविवारी समुद्रात होतात?"

दिनेशनं वकिलाकडं बघितलंन. "नाय साहेब. मी त्या दिवशी गेलो नव्हतो. पोरीसाठी सुट्टी घेतली होती."

"चारही रविवारी?"

"होय साहेब."

मी म्हटलं, "उधाणात? डोलीला पाच माणसं लागतात. तू नव्हतास तर बोट कशी गेली? की बोटच नाही गेली?"

"नव्हती गेली," दिनेश म्हणाला. "बोट उभी होती."

पाठीमागं काठी आपटल्याचा आवाज आला. मामा उभा राहिला होता. टोपी काढलीन, हात जोडलेन, पण आवाज बोटीवरचाच होता.

"साहेब, माफी करा. माझी बोट उधाणात कधी उभी राहिलेली नाय. बाप मेला तेव्हा सुतकातसुद्धा नाय राहिली. हा पोरगा काय बोलतोय त्याला कळत नाय."

त्याचे वकील खाली कागदात बघायला लागले.

साहेबांनी विचारलं, "मग हा त्या रविवारी कुठं होता?"

"बोटीवर. कुठं असणार? एक माणूस कमी असला तर डोल उचलत नाय साहेब." आणि मग मामाच्या लक्षात आलं. तो दिनेशकडे बघत राहिला. दिनेश खाली बघत होता. मामा हळूच बसला आणि टोपी परत घातलीन.

मला वाटलं आता सुटले. पण साहेब माझ्याकडे वळले. "आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी?"

बाई पटकन म्हणाल्या, "साहेब, तेव्हाही उधाणच..."

"मी यांना विचारतोय. तुम्ही गेला होतात?"

खोटं बोलता आलं असतं. त्या दिवसालाही लाल गोल होता, दिनेश स्टँडवर नव्हताच, कोणाला कळलं नसतं. पण एवढं बोलून झाल्यावर मला खोटं सुचेना.

"नाही गेले साहेब."

"का?"

"राग आला होता."

त्याचे वकील लगेच उठले. "साहेब, कबुली आहे."

"कबुली आहेच," मी म्हटलं. "एका रविवारची. आधीच्या चारांची नाही."

साहेब म्हणाले, "बसा आता." या वेळी मी बसले.

त्यांनी दोघांनाही झापलं. त्याला शपथेवर खोटं लिहिल्याबद्दल जास्त, मला हुकूम मोडल्याबद्दल. पुन्हा मोडलात तर सोडणार नाही, म्हणाले. अर्ज फेटाळला. मयुरी माझ्याकडंच. मग म्हणाले, "तिथीवर हुकूम लिहिता येत नाही. वकील, या दोघांना बाहेर बसवा आणि वर्षभराच्या तारखांची यादी करून आणा. हे समुद्रात नसतील अशा तारखा. दोघांच्या सहीची पर्सीस द्या." पर्सीस म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून कोर्टाला दिलेलं लिहून. "दुपारनंतर हुकूम करतो."

व्हरांड्यातल्या बाकावर आम्ही बसलो. मध्ये कॅलेंडर. आठ महिन्यांत पहिल्यांदा एका बाकावर. मी नवमी आणि दशमी शोधत होते, तो नाही नाही करत होता.

"नवमीला कधीकधी ओढ असते अजून."

"मग दशमी."

"दशमीला शाळा असेल तिची."

"बालवाडी आहे. एक दिवस चुकली म्हणून कलेक्टर व्हायची राहणार नाही."

तो हसला नाही. मग म्हणाला, "मामाला कोण सांगणार, पोरीला बघायला जायचंय, बोट थांबव म्हणून? हसले असते सगळे."

"म्हणून मला खोटी पाडलीस."

त्यानं कॅलेंडरचं पुढचं पान उलटलंन. आता एवढ्यावरून मला त्याची दया आली असं कोणी समजू नये. बाकड्यावर पाच पाच तास मी बसले होते.

मी म्हटलं, "आणि सावर्डे बंद. मी हातखंब्याच्या नाक्यापर्यंत आणीन. पुढं तू यायचं. मुंबईहून येणाऱ्या सगळ्या गाड्या तिथं थांबतात."

"लांब पडतं मला."

"तुझ्याकडं भांगाचे चार दिवस असतात. पडू दे लांब."

वकीलबाई कागद घेऊन उभ्या होत्या. त्यांनी लिहून घेतलं. पावसाळ्यात बोटी वर ओढलेल्या असतात, तेव्हा दर रविवारी, हे मीच सांगितलं. ते त्याच्या सोयीचं होतं, तरी सांगितलं. मयुरी त्याची पण आहे, हे मला कोर्टानं शिकवायला लागलं नव्हतं.

यादी झाल्यावर माझ्या लक्षात आलं की सगळ्या तारखा बिनगोलाच्या आहेत. म्हणजे त्या दिवशी शेडमध्ये मालच नाही, मला सुट्टी मागायला भांडायला नको. जो हिशोब रोज डोळ्यांसमोर टांगलेला होता तो मी तीन महिने एसटीत बसून बघितला नाही. मुलीचा बाप समुद्रात जातो, मी त्याच समुद्राचा माल सोलते, आणि रविवार ठरवला कोणी तर ज्यांना रविवारी सुट्टी असते त्यांनी. आम्ही दोघांनी पण तेव्हा मान हलवली. तेव्हाच तोंड उघडलं असतं तर एवढं झालं नसतं.

त्यानंतर दोन वर्षं झाली. दिनेश तीनदा चुकला, दोनदा मामाच्या दुखण्यामुळे आणि एकदा उगाच. मी एकदाही नाही. त्याच्याशी मी अजून कामापुरतंच बोलते. मयुरी पहिलीत आहे आणि तिला हातखंब्याच्या नाक्यावरची भजी कुठल्या टपरीवर चांगली मिळते ते दोघांकडून ऐकून पाठ झालंय.

कोर्टाच्या पायऱ्या चढणाऱ्या माझ्यासारख्या बाईला मी एवढंच सांगीन. वकिलाला कायदा माहीत असतो, साहेबांना पण कायदाच माहीत असतो. तुमचा नवरा कधी घरी असतो आणि कधी नसतो, तुमचं काम कधी सुटतं, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. ते सांगायला उठावं. साहेब पहिल्यांदा बसा म्हणाले तर बसू नये. दुसऱ्यांदा म्हणाले की बसावं, तोपर्यंत सांगून झालेलं असतं.